अस्तानाचा हिवाळा: उणे २५ मध्ये फिरायचं कसं

अस्तानात पहिल्याच दिवशी मला हुडहुडी भरली ती थंडीने नाही, घामाने. ताईचा मुलगा कझाकस्तानात मेडिकलला आहे. त्याला भेटायला म्हणून फेब्रुवारीत ताई आणि मी गेलो होतो. घरात जे जे सापडलं ते मी अंगावर चढवलं होतं: दोन सुती बनियन, दोन स्वेटर आणि वर जॅकेट. बाहेर उणे २२ होतं. दहा मिनिटं मजेत गेली. मग खान शातीर नावाच्या अवाढव्य तंबूवजा मॉलमध्ये शिरलो, तर आत आपला मे महिना. जॅकेट हातात धरायचा कंटाळा, म्हणून तासभर तसाच फिरलो. बनियन चिंब झाले. बाहेर पडल्यावर पाचव्या मिनिटाला तेच बनियन पाठीला बर्फाची लादी लावल्यासारखे चिकटले. भाचा एवढंच म्हणाला, "मामा, इथे घाम आला की संपलं."

पुढे जे काही लिहिलंय ते या एका वाक्याचाच विस्तार आहे. अस्तानात दिवसातून आठ-दहा वेळा तुम्ही उणे २० आणि अधिक २५ यांच्यामध्ये ये-जा करता. ती ये-जा जमली की ट्रिप जमली.

आधी शहराची ओळख, थोडक्यात

कझाक भाषेत अस्ताना म्हणजे राजधानी. १९९७ मध्ये राजधानी अल्माटीहून इथे, उघड्या गवताळ माळावर हलवली. त्या वेळी गावाचं नाव अकमोला होतं, त्याआधी सोव्हिएत काळात त्सेलिनोग्राद. १९९८ मध्ये अस्ताना झालं, २०१९ मध्ये नूर-सुलतान, आणि २०२२ मध्ये पुन्हा अस्ताना. विमानाच्या तिकिटावर आजही एनक्यूझेड हा कोड दिसतो, तो त्या मधल्या नावाची आठवण. घाबरू नका, शहर तेच आहे.

जगातल्या सर्वांत थंड राजधान्यांच्या यादीत मंगोलियाच्या उलानबातरनंतर बहुतेक अस्तानाचंच नाव घेतात. जानेवारीचं सरासरी तापमान उणे १४ च्या आसपास. पण खरा त्रास वाऱ्याचा. चारही बाजूंना सपाट स्तेप, म्हणजे गवताळ माळ, अडवायला डोंगर नाही. शहराभोवती झाडांचा मोठा पट्टा लावलाय तो याच वाऱ्याला आवर घालायला. उणे २० मध्ये ताशी ३५ किलोमीटरचा वारा असेल तर अंगाला ते उणे ३३ सारखं लागतं. म्हणून सकाळी फोनवर तापमान बघताना दोन आकडे बघायचे, तापमान आणि वारा. वारा पडलेला असेल तर उणे २५ सुद्धा सुसह्य असतं. फक्त त्या दिवशी हवेत कोळशाच्या धुराचा वास येतो.

पहिली पायरी: महिना निवडणं

डिसेंबरमध्ये रोषणाई असते आणि नव्या वर्षाची धामधूम, पण दिवस फारच लहान. सकाळी सव्वाआठला उजाडतं आणि सव्वाचारला सूर्य मावळतो. जानेवारी सगळ्यात कडक. मार्चमध्ये २१ ते २३ तारखेला नौरिझचा सण असतो, रंगीत कपडे, गाणी, खाणंपिणं. पण तेव्हा बर्फ वितळून रस्त्यावर काळपट चिखल होतो आणि त्यात बूट भिजतात.

माझं मत विचाराल तर फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा. दिवस दहा तासांच्या पुढे गेलेला असतो, बर्फ अजून पांढरा असतो, नदी गोठलेली असते. हिमवादळं मात्र याच महिन्यात होतात, त्यांना तिथे बुरान म्हणतात. त्यामुळे परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवा. हा दिवस वाया गेला असं समजू नका, तो विमा आहे.

दुसरी पायरी: कागद, तिकीट आणि दोन स्टेशनांचा घोळ

भारतीय पासपोर्टवर कझाकस्तानात १४ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. दर १८० दिवसांत मिळून ४२ दिवस राहता येतं. हा नियम २०२२ पासून आहे. तरीही निघण्याआधी दूतावासाच्या संकेतस्थळावर एकदा बघून घ्या, नियम बदलायला वेळ लागत नाही. परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग छापून जवळ ठेवा. प्रवास विमा काढाच, आणि त्यात घसरून पडून हाड मोडण्याचा खर्च येतो का ते वाचा. इथे सगळ्यात शक्य अपघात तोच.

भारतातून जाणारे बहुतेक जण अल्माटीत उतरतात आणि तिथून दुसरं विमान किंवा रेल्वे पकडतात. रेल्वे मला जास्त आवडली. ताल्गो नावाची वेगवान गाडी रात्रीत पोचवते, आणि सकाळी खिडकीतून तासन्‌तास पांढरा माळ दिसतो, मध्येच एखादा घोड्यांचा कळप खुरांनी बर्फ उकरून गवत खाताना. पण तिकीट काढताना नीट बघा, अस्तानात दोन मोठी स्टेशनं आहेत. एक जुनं, अस्ताना-१. दुसरं नवं, नुरली झोल. दोन्ही एकमेकांपासून लांब आहेत. आम्ही जुन्या स्टेशनवर उतरलो आणि भाचा नव्यावर उभा. तिकिटावर नाव लिहिलेलं होतंच, आम्हीच वाचलं नव्हतं.

वेळेचा हिशोब सोपा आहे. मार्च २०२४ पासून अख्ख्या देशाची वेळ एकच केली आहे आणि ती आपल्यापेक्षा फक्त अर्धा तास मागे आहे. घरी फोन करायला काहीच अडचण नाही.

तिसरी पायरी: कपडे. इथे घाई करू नका

तीन थर पुरतात. चौथा घातलात तर घाम येणार.

अंगाला लागून असलेला थर सुती नको. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि मग थंड पडतं, माझं तेच झालं. मेरिनो लोकर किंवा सिंथेटिक थर्मल घ्या, वर आणि खाली दोन्ही, प्रत्येकी दोन जोड, म्हणजे एक धुऊन वाळत घालता येतो. दुसरा थर फ्लीस किंवा लोकरीचा स्वेटर, आणि तो पुढून चेनचा हवा. डोक्यातून काढायचा स्वेटर मॉलच्या दारात काढता येत नाही, चेन मात्र चालता चालता खाली ओढता येते. तिसरा थर पिसांचं किंवा तसं भरलेलं जॅकेट, मांड्यांपर्यंत लांब, टोपीसकट, वारा न शिरणारं. कमरेपर्यंतचं जॅकेट सुंदर दिसतं आणि बस थांब्यावर पश्चात्ताप होतो.

बूट हा सगळ्यात महत्त्वाचा खर्च. एक नंबर मोठे घ्या. आत जाड लोकरी मोजा घातल्यावर बोटं हलली पाहिजेत, कारण बोटांभोवतीची हवाच ऊब धरते. घट्ट बुटात दोन मोजे घालणं म्हणजे पाय गारठवायची हमखास युक्ती. तळवा जाड आणि मऊ रबराचा हवा. आपल्याकडचे ट्रेकिंगचे बूट उणे १० पर्यंत चालतात, त्यापुढे त्यांचा तळवा कडक होऊन बर्फावर लाकडासारखा घसरतो. शक्य असेल तर बूट तिथेच घ्या. उजव्या काठावरच्या जुन्या बाजारांत आत लोकर लावलेले साधे बूट मिळतात, आणि ते त्याच हवेसाठी बनवलेले असतात. हातमोजेही तिथेच. पाच बोटांच्या मोज्यांपेक्षा चार बोटं एकत्र राहतात ते मोजे जास्त उबदार. त्यांच्या आत पातळ मोज्यांचा एक जोड घाला, म्हणजे फोन काढताना हात उघडा पडत नाही.

आणि माकडटोपी. होय, तीच. ज्या टोपीवरून आपण सगळ्यांनी घरच्या वडीलधाऱ्यांची चेष्टा केलीय, ती अस्तानाच्या वाऱ्यात राजमुकुट आहे. ताईने ती टोपी घातली आणि वरून पुण्यातल्या स्कूटरवाल्या मुली बांधतात तसा स्कार्फ गुंडाळला, डोळे सोडून सगळं झाकलेलं. मी फॅशनेबल लोकरी टोपी घातली होती, तिच्यातून वारा आरपार जात होता. तिसऱ्या दिवशी मीही माकडटोपीवर आलो.

चेहऱ्याला पाण्यासारखं पातळ क्रीम बाहेर पडण्याआधी लावू नका. व्हॅसलीनसारखं तेलकट काहीतरी गालांवर, नाकावर, ओठांवर लावा. खोबरेल तेलाची बाटली बॅगेत दगड होऊन बसते. चष्मेवाल्यांनी आत शिरताना मिनिटभर आंधळं व्हायची तयारी ठेवावी, काचांवर वाफ धरते आणि पुसली तरी पुन्हा येते. नुसतं उभं राहायचं, आपोआप जाते.

चौथी पायरी: खोलीतली कोरडी उष्णता

शहरातल्या बहुतेक इमारती औष्णिक केंद्रांतून येणाऱ्या गरम पाण्याच्या पाइपांनी तापतात. अनेक जुन्या इमारतींत ही ऊब कमी-जास्त करायची सोयच नसते. शरद ऋतूत चालू झाली की वसंतापर्यंत चालूच. म्हणून बाहेर उणे २० असताना लोक खिडकीची वरची छोटी झडप उघडी ठेवतात, तिला रशियनमध्ये फोर्तोच्का म्हणतात. भाड्याची खोली घेतलीत तर आधी ही झडप शोधा.

ही हवा कमालीची कोरडी असते. पहिल्या रात्री घसा सुकतो, कुणाकुणाच्या नाकातून रक्त येतं, दाराच्या कडीला हात लावला की विजेचा चटका बसतो. उपाय घरगुती आहे: झोपताना मोठा टॉवेल ओला करून, पिळून रेडिएटरवर टाकायचा. सकाळी तो पापडासारखा वाळलेला असतो आणि तुमचा घसा शाबूत. थर्मलही तिथेच वाळतात. पाणी मुद्दाम पीत राहा, थंडीत तहान कळत नाही.

पाचवी पायरी: दिवस उबेच्या टप्प्यांनी आखायचा

नकाशावर अस्ताना सरळसोट दिसतं. नदीच्या डाव्या काठावर नवं शहर, उजव्या काठावर जुनं. टॅक्सीवाल्याला पत्ता सांगतानाही लोक आधी लेवी बेरेग की प्रावी बेरेग, म्हणजे डावा काठ की उजवा, हे सांगतात. नव्या शहरात एका टोकाला खान शातीर, मधे बायतेरेकचा मनोरा, दुसऱ्या टोकाला अक ओर्दा हा राष्ट्राध्यक्षांचा प्रासाद, सगळं एका रेषेत. "चालत होईल" असं वाटतं, आणि जून महिन्यात होतंही. हिवाळ्यात ही रेषा तुकड्यांत तोडायची. एका वेळी बाहेर पंधरा ते वीस मिनिटं, मग कुठेतरी आत.

मी असा आखेन. सकाळी दहाच्या आधी बाहेर पडायचं नाही. खान शातीरपासून सुरुवात करायची. ब्रिटिश वास्तुविशारद नॉर्मन फॉस्टर यांच्या कचेरीने आखलेला हा १५० मीटर उंच पारदर्शक तंबू २०१० मध्ये उघडला. आत दुकानं, झुले, आणि सगळ्यात वर चक्क समुद्रकिनारा, मालदीवहून आणलेल्या वाळूचा. बाहेर बुरान चाललेलं असताना वर पोरं चड्डीवर पाण्यात उड्या मारत असतात. हे बघून हसू येतं, आणि मग कळतं की सहा महिने बर्फात काढणाऱ्या गावाला हे हवंच होतं.

तिथून बायतेरेकपर्यंत चालायचं, पण मध्ये एकदा कॉफीला थांबून. मनोऱ्याची कथा अशी, की सामरुक नावाचा पक्षी दरवर्षी जीवनवृक्षाच्या शेंड्यावर सोन्याचं अंडं घालतो. वरचा सोनेरी गोल म्हणजे ते अंडं. वरून बघायची जागा ९७ मीटरवर आहे, १९९७ या सालावरून. वर गेल्यावर शहराचा शेवट स्पष्ट दिसतो. इमारती थांबतात आणि माळ सुरू होतो, मधे काहीच नाही. संध्याकाळी उजेड असताना चढा आणि दिवे लागेपर्यंत थांबा. शेजारी केरुएन नावाचा मॉल आहे, पुढचा उबेचा टप्पा तोच.

दुसरा दिवस स्वातंत्र्य चौकाच्या बाजूला. राष्ट्रीय संग्रहालय, पिरॅमिडच्या आकाराची इमारत आणि पांढरीशुभ्र हझरत सुलतान मशीद एकाच परिसरात आहेत. परिसर म्हणताना फसू नका, दोन इमारतींमधला मोकळा चौक ओलांडतानाच वारा खरा हात दाखवतो. मशिदीत बूट काढावे लागतात, म्हणून त्या दिवशी वीस भोकांच्या नाडीचे बूट आणि भोक पडलेले मोजे नकोत. संग्रहालयाला निदान तीन तास द्या. १९६९ मध्ये अल्माटीजवळच्या एसिक इथल्या थडग्यात सापडलेल्या शक योद्ध्याचा, म्हणजे 'सोन्याच्या माणसाचा' विषय तिथे सविस्तर कळतो. हजारो सोन्याचे तुकडे शिवलेला पोशाख, आणि डोक्यावर उंच टोकदार टोपी. ही टोपी वाऱ्यात कशी टिकायची, असा प्रश्न ताईला पडला. बहुतेक संग्रहालयं सोमवारी बंद असतात.

आता या सगळ्या ठिकाणी दारातच एक जागा असते, गार्देरोब. संग्रहालय, नाट्यगृह, बरीचशी जेवणाची ठिकाणं, सगळीकडे. जॅकेट, टोपी, मफलर तिथल्या बाईंकडे द्यायचे, त्या एक नंबराचा बिल्ला देतात. आपल्याला उगाच संकोच वाटतो, पैसे लागतील, हरवेल. बहुतेक जागी फुकट असतं आणि हरवत नाही. जॅकेट घालून आत फिरलात तर लोक तुमच्याकडे घरात हेल्मेट घालून बसलेल्या माणसासारखे बघतात. टोपी आणि हातमोजे जॅकेटच्या बाहीत कोंबून द्यायचे, ही तिथल्या लोकांकडून उचललेली सवय. मोजा खाली पडला तर दुसरा एकटा मोजा काय कामाचा. बिल्ला मात्र पँटच्या खिशात ठेवा. मी एकदा तो जॅकेटच्या खिशातच ठेवून जॅकेट देऊन आलो होतो.

एक संध्याकाळ अस्ताना ऑपेराला राखून ठेवा, २०१३ मध्ये उघडलेलं भव्य नाट्यगृह आहे. भाषा कळायची गरज नाही, बॅले बघा. गार्देरोबमध्ये बायका पिशवीतून नाजूक चपला काढतात, बर्फाचे बूट पिशवीत टाकतात आणि दोन मिनिटांत वेगळ्याच दिसायला लागतात. तुम्हीही एक हलका जोड बरोबर न्या. तीन तास लोकरी बुटात बसणं म्हणजे पुन्हा तोच घाम.

सहावी पायरी: रस्ता आणि नदी

चालताना कोकणात पावसाळ्यात शेवाळलेल्या पाखाडीवरून चालतात तसं चाला: पाऊल सपाट टाकायचं, टाच आधी नाही, ढांगा लहान, हात खिशाबाहेर. अस्तानात फुटपाथांवर आणि पायऱ्यांवर गुळगुळीत ग्रॅनाइट लावायची हौस फार आहे. त्यावर बर्फाचा पातळ पापुद्रा बसला की काचच. भुयारी मार्गाच्या पायऱ्या उतरताना कठडा धरा, हातमोजा घालून. उघड्या हाताने लोखंड धरू नका, कातडी चिकटते. इमारतींना अगदी चिकटून चालू नका, वरून बर्फाचे सुळके पडतात.

बसथांब्यांपैकी काही बंदिस्त आणि तापवलेले आहेत, आत बाकं असतात. तुमचं ठिकाण नकाशावर ठरवतानाच असा थांबा जवळ आहे का ते बघा. टॅक्सी ॲपवर बोलवायची, आणि गाडी दाराशी आल्याचं दिसेपर्यंत आतच थांबायचं.

नदीचं नाव येसिल, रशियनमध्ये इशीम. फेब्रुवारीत ती पांढरा रस्ता होते. लोक चालत पलीकडे जातात, मुलं घसरगुंडी खेळतात, आणि अधूनमधून एखादा माणूस छोट्या तंबूत किंवा उलट्या डब्यावर बसलेला दिसतो, समोर बर्फात पाडलेलं भोक आणि त्यात सोडलेला गळ. एका आजोबांनी मला जवळ बोलावून बर्फाची जाडी दाखवली, हात कोपरापर्यंत भोकात गेला. मासा मात्र तासाभरात एकच लागला होता, बोटाएवढा. नियम एकच: जिथे बरेच लोक आणि पायवाट दिसते तिथेच उतरा, पुलाखाली आणि पाइपांच्या तोंडाजवळ नाही, आणि नोव्हेंबरमध्ये किंवा मार्चअखेर अजिबात नाही.

एकमेकांचे चेहरे बघत राहा. गालावर किंवा नाकाच्या शेंड्यावर पांढरट, मेणासारखा डाग दिसला तर ती हिमदंशाची सुरुवात असते. लगेच आत जायचं, चोळायचं नाही, बर्फ तर मुळीच लावायचा नाही, कोमट हाताची किंवा कोमट पाण्याची ऊब हळूहळू द्यायची. बधिरपणा गेला नाही तर १०३ वर रुग्णवाहिका, किंवा ११२. आणि ऊब यावी म्हणून दारू पिऊन बाहेर पडू नका. गरम वाटतं, पण अंगातली उष्णता उलट लवकर जाते.

सातवी पायरी: फोन आणि पैसे

उणे २० च्या पुढे फोनची बॅटरी ६० टक्क्यांवरून थेट शून्यावर येते. माझा फोन टॅक्सी बोलावून झाल्यावर, गाडीचा नंबर वाचायच्या आधी बंद पडला. फोन आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवा, पॉवर बँकही तिथेच. गारठलेला फोन आत आल्या आल्या चार्जिंगला लावू नका, आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. कॅमेरा असेल तर आत शिरण्याआधी प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करा. म्हणजे वाफ पिशवीवर धरते, भिंगावर नाही. हॉटेलचा पत्ता रशियन लिपीत कागदावर लिहून घ्या. फोन मेल्यावर तोच कामाला येतो.

नकाशासाठी तिथे सगळे टूजीआयएस वापरतात, बसचे मार्ग आणि इमारतीचं नेमकं दार दोन्ही दाखवतं. उणे २५ मध्ये दार कुठल्या बाजूला आहे हे कळणं म्हणजे काय, ते इमारतीला अर्धा वळसा घातल्यावर समजतं. टॅक्सीला यांडेक्स गो. चलन टेंगे. भाजीवाल्यापासून सगळे कास्पी या बँकेच्या क्यूआरवर पैसे घेतात, आपल्या यूपीआयसारखंच, पण पर्यटकाला त्याचा उपयोग नाही. कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं, बाजारासाठी थोडी रोख ठेवा. डॉलर स्वच्छ, न दुमडलेले न्या.

आठवी पायरी: पोटपूजा

मांसाहारी असाल तर हा भाग सोडून सरळ बेशबरमाक मागवा, म्हणजे रुंद पातळ शेवयांवर उकडलेलं मांस, आणि बरोबर घोट्याघोट्याने प्यायचा रस्सा. नावाचा अर्थ 'पाच बोटं', कारण खायचं हाताने. त्यातलं मांस बऱ्याचदा घोड्याचं असतं आणि कजी हा घोड्याच्या मांसाचा सॉसेज मानाचा समजतात. ते आधी माहीत असलेलं बरं.

शाकाहाऱ्यांना डोकं लावावं लागतं. रशियनमध्ये "बेझ म्यासा", मांसाशिवाय, हे पाठ करा, पण तेवढ्यावर विसंबू नका. कोंबडी म्हणजे मांस नाही अशी समजूत सापडते, आणि सूप बहुतेक हाडांच्या पाण्याचंच असतं. ताईने शोधलेला मार्ग असा: जॉर्जियन उपाहारगृहं. तिथे चीज भरलेली खाचापुरी मिळते आणि लोबिओ, जो जवळजवळ आपला राजमाच. तुर्की ठिकाणी मसुराचं सूप, विचारून घेतलेलं. भोपळा भरलेला सामसा, म्हणजे भट्टीत भाजलेला समोसा, आणि बटाटा भरलेले वारेनिकी, म्हणजे उकडलेल्या करंज्या. नाश्त्याला बाउरसाक, तळलेले फुगीर पिठाचे गोळे. घरून मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि उपम्याची पाकिटं न्याच. थंडीत भूक दुप्पट लागते आणि दोन जेवणांमध्ये खिशात शेंगदाणे-गूळ असणं फार कामाचं.

चहा दुधाचा असतो, हे ऐकून मराठी जीव सुखावतो. तो कानाशिवायच्या वाडग्यासारख्या पेल्यात अर्ध्याहून कमीच ओततात. कंजूषपणा नव्हे. थोडा थोडा पुन्हा पुन्हा भरणं हाच पाहुण्याचा मान, काठोकाठ भरला तर 'आता निघा' असं समजतात. ताईने पहिल्यांदा "जरा भरून द्या" अशी खूण केली, तेव्हा यजमान काकू गोंधळून भाच्याकडे बघायला लागल्या. धन्यवादाला कझाकमध्ये रख्मेत म्हणतात, चहाला शाय, पावाला नान. तेवढ्यावर लोक खुलतात.

नववी पायरी: एक दिवस शहराबाहेर

पश्चिमेला पाऊण तासाच्या अंतरावर आल्झीरचं स्मारक आहे. स्टालिनच्या काळात 'देशद्रोही' ठरवलेल्यांच्या बायकांसाठीची ही छावणी १९३८ मध्ये सुरू झाली. स्वतःचा काहीही गुन्हा नसलेल्या हजारो बायका इथे आल्या, अनेकींच्या कडेवर तान्ही मुलं. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावरून वेत-लव्हाळे कापून आणायचे आणि तेच जाळून बराकी तापवायच्या. एका कैदी बाईची आठवण तिथे सांगतात. तळ्याकाठी गावातली म्हातारी माणसं आणि मुलं त्यांच्यावर दगड फेकायला लागली, पहारेकरी हसले. एक बाई अडखळून पडली, तोंडाशी आलेल्या दगडाला दुधाचा वास आला. ते दगड नव्हते, कुर्त होते: खारवलेल्या चक्क्याचे वाळवलेले गोळे.

हे स्मारक उन्हाळ्यातही बघता येतं. पण फेब्रुवारीत, तीन थर घालून, तापलेल्या गाडीतून उतरून त्या नावांच्या भिंतीसमोर उभं राहिलात की दहा मिनिटांतच पाय उचलावेसे वाटतात, आणि मग उचलवत नाहीत. गाडी तासाच्या हिशोबाने ठरवा आणि थांबवून ठेवा, परतीची तिथे मिळेलच असं नाही. बुरानमध्ये शहराबाहेरचे महामार्ग बंद करतात, म्हणून निघण्याआधी चालकालाच विचारा. तो "नको" म्हणाला तर नको.

परतताना

विमानतळावर जाताना बूट आणि जॅकेट अंगावरच ठेवा, बॅगेतली जागा वाचते. विमानाच्या पंखांवरचा बर्फ काढायला गरम द्रव फवारतात, त्यात अर्धा तास सहज जातो, पुढचं विमान चुकेल असं जवळचं तिकीट काढू नका. बुटांवर रस्त्यावरच्या रसायनांचे पांढरे डाग पडलेले असतात. ते घरी आल्यावर कोमट पाण्याने पुसा आणि बूट सावलीत वाळवा, नाहीतर कातडं तडकतं. थर्मल पातळ पिशवीत वेगळे ठेवून मुंबईला उतरण्याआधी विमानातच बदला. मी बदलले नाहीत, आणि सामानाच्या पट्ट्यासमोर उभा असताना पाठीवरून पुन्हा घामाच्या धारा. ताईच्या पर्समध्ये कुर्तचं पाकीट होतं. तिने त्यातला एक गोळा माझ्या हातावर ठेवला, "चाख, मीठ जाईल पोटात."